करंड्यातली गोळी

पतसंस्थेत हिशेब लिहून लिहून बोटांना खोड लागली आहे, म्हणून एकदा हाही हिशेब मांडला. १९८९ पासून आजवर, दिवसाला सरासरी अडीच गोळ्या धरल्या, तर तीस हजारांवर गोळ्या माझ्या पोटात गेल्या. वरणभातही इतक्या वेळा जेवले नसेन.

मी डॉक्टर नव्हे, केमिस्टही नव्हे. हे बोल गोळी गिळणाऱ्या बाजूचे. माझ्या औषधांची नावं आणि मात्रा इथे येतील, पण त्या माझ्या आहेत, त्या त्या वर्षाच्या आहेत. शेजारणीच्या मापाचा ब्लाउज आपल्याला बसत नाही, तिथे तिची गोळी कशी बसेल?

१. ‘पांढरी, बारकी’ हे गोळीचं नाव नव्हे

नववीत होते. कराडजवळच्या आमच्या शाळेत प्रार्थनेच्या रांगेतच पडले. पडल्याचं मला काही आठवत नाही, आठवतो तो नाकाशी धरलेल्या चामडी चपलेचा वास. मग फोडलेला कांदा, मग मुठीत कोंबलेली किल्ली. घरी आजीने मीठमोहऱ्या ओवाळल्या, चुलत्यांनी देवऋषाचा पत्ता आणला. बाबांनी मात्र गावच्या डॉक्टरांना गाठलं. ते कागदाच्या पुडीत महिन्याच्या गोळ्या बांधून द्यायचे. वर्षभर घेतल्या. फिट थांबल्या, पण त्यांच्याबरोबर मीही थांबल्यासारखी झाले. वर्गात डोळे मिटायचे, येणारे पाढे अडखळायचे. गणिताच्या बाईंनी घरी निरोप पाठवला, मुलीचं लक्ष नाही.

शेवटी बाबा मला मिरजेला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आत्ता काय चालू आहे?”

“पांढरी, बारकी गोळी आहे,” बाबा म्हणाले.

“दादा, जगातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि बारक्याच असतात.”

नाव कळेपर्यंत त्या डॉक्टरांनी औषधाला हात लावला नाही. तेव्हा मला तो हट्ट वाटला होता. कारण खूप नंतर कळलं. माझ्या पुडीत होतं फिनोबार्बिटोन. ते फेफऱ्यावर १९१२ पासून वापरात आहे, स्वस्त आहे, अजूनही खेडोपाडी चालतं आणि गुणही देतं. पण ते झटक्यात बंद केलं तर मेंदू उसळतो, एकामागून एक फिट येऊ शकतात. म्हणजे काय चालू आहे हे माहीत नसताना ‘ही बंद, ती सुरू’ असं करणं हाच मोठा धोका. बाबा एस्टीने परत गेले, गावच्या डॉक्टरांकडून नाव लिहून घेऊन दुसऱ्या दिवशी आले, आणि मग महिनाभर हळूहळू एक गोळी उतरवत दुसरी चढवली.

तेव्हापासून गोळीची पट्टी उलटी करून वाचायची सवय लागली. ठळक अक्षरांत असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव, बारीक अक्षरांत असतं ते औषधाचं. गार्डिनल म्हणजे फिनोबार्बिटोन, एप्टॉइन म्हणजे फेनिटॉइन, टेग्रेटॉल म्हणजे कार्बामाझेपिन, व्हॅल्पारिन म्हणजे व्हॅल्प्रोएट, लेव्हिपिल म्हणजे लेव्हेटिरासिटाम. बारीक अक्षरांतलं नाव आणि त्यापुढचे मिलिग्रॅम पाठ असले की कुठल्याही गावच्या, कुठल्याही डॉक्टरशी बोलता येतं.

देवऋषी गेले तरी ‘मिरगीवर रामबाण जडीबुटी’ विकणारे अजून आहेत. अशा काही पुड्या तपासल्या तेव्हा त्यांत हेच फिनोबार्बिटोन सापडलं आहे, तेही मात्रा न सांगता मिसळलेलं. म्हणजे गुण येतो तो गोळीचाच, पण नाव जडीबुटीचं. आणि पुडी संपली, पोस्टाने वेळेवर आली नाही, की फिट.

२. फिट आली म्हणून स्वतःच गोळी वाढवायची नाही

मिरजेच्या डॉक्टरांनी एप्टॉइन सुरू केली, दिवसाला ३०० मिलिग्रॅम. वर्गातली झोप उडाली. बारावीच्या वर्षी एक फिट आली, तेव्हा घरच्यांनी एका ओळखीच्या कंपाउंडरच्या सल्ल्याने आणखी एक गोळी वाढवली. तीनशेवर शंभर, त्यात एवढं काय? पंधरा दिवसांत मी भिंत धरून चालू लागले. वहीवरच्या ओळी नाचायच्या, जीभ जड झाली. शेजारच्या काकूंना तर वेगळाच संशय आला, त्यांनी आईला बाजूला घेऊन विचारलं, पोरगी काही पिते का?

मिरजेत रक्त तपासलं. फेनिटॉइनचं प्रमाण मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम असावं, माझं तिशीपार गेलेलं. डॉक्टरांनी समजावलं ते मोरीच्या उदाहरणाने. मोरीचं भोक ठरावीक. त्यातून जाईल तेवढं पाणी ओतत राहिलात तर काही होत नाही. त्यापुढे एक बादली जास्त ओता, पाणी उंबऱ्याबाहेर येतं. फेनिटॉइन मोडून टाकायची यकृताची ताकदही अशीच एका टप्प्यावर पुरी होते. तिथून पुढे मात्रा थोडी वाढली तरी रक्तातलं प्रमाण भसकन वर जातं. हे औषध जुनं आहे, १९३८ पासूनचं, भरवशाचंही आहे, पण त्याच्याशी अंदाजपंचे खेळायचं नाही.

त्याने हिरड्याही सुजवल्या, त्या दातांवर चढू लागल्या. लग्नाचं वय जवळ येतंय म्हणून आईला हिरड्यांची काळजी जास्त. १९९५ मध्ये औषध बदललं आणि कार्बामाझेपिन आलं. तेव्हापासून एकदाच काय ती आमची ताटातूट झाली.

३. लपवलेली गोळी ही चुकलेली गोळी

हा माझा सगळ्यात महाग पडलेला धडा, म्हणून जरा सविस्तर.

मे १९९८ मध्ये माझं लग्न झालं, चिपळूणला. आजार सांगितला नव्हता. आईने निघताना कानात सांगितलं, “कुणासमोर घेऊ नकोस.” तिला आज दोष देत नाही. त्या वेळी हिंदू विवाह कायद्यातच वारंवार येणारं फेफरं वेडाच्या पंक्तीत बसवलेलं होतं, त्या कारणावरून लग्न रद्द ठरवून मागता येत होतं. कायद्यात असं असल्यावर माणसांकडून काय अपेक्षा ठेवायची?

गोळ्या दिवसाला तीन होत्या. पट्टी ठेवली तर चुरचुर वाजते, रिकामं चंदेरी पान केरात दिसतं. म्हणून मी सगळ्या गोळ्या पट्टीतून काढल्या आणि माहेरहून मिळालेल्या चांदीच्या करंड्यात, तळाच्या खणात भरल्या. वर कुंकू. नव्या सुनेच्या करंड्यात कोण हात घालणार?

सकाळची गोळी जमायची. रात्रीची जमायची. दुपारची मात्र घर भरलेलं असायचं. खोलीत जाऊन दार लोटलं की जाऊबाई हाक मारायच्या. आठवड्याच्या एकवीसपैकी पंधरा पोटात गेल्या तर खूप. त्यात जून आला. मी देशावरची, कोकणातला पाऊस फक्त ऐकून माहीत. काडेपेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं, पापड चामड्यासारखा वातड होतो, हे सगळं मी डोळ्यांनी बघत होते आणि करंड्यातल्या गोळ्यांचा विचार एकदाही मनात आला नाही. दिसायला त्या तशाच होत्या. जरा टणक झाल्यासारख्या वाटल्या, इतकंच.

नारळीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी नारळ खोवता खोवता विळीवरून कोसळले. पातं दंडाला लागलं, ती खूण अजून आहे. कुणीतरी दातांमध्ये चमचा घातला आणि पुढच्या दाताचा टवका उडाला.

शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई उशाशी होत्या. कपाळ पुसून कुंकू लावायला म्हणून त्यांनी माझाच करंडा उघडला होता, तो मांडीवर होता.

“हे काय गो, कुंकवाखाली?”

सांगितलं. सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, “दिवसाला किती?”

“तीन.”

“आणि घेतेस किती?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजवर शिव्या पुष्कळ आठवून ठेवल्या होत्या, ज्या कधीतरी ऐकाव्या लागतील म्हणून मनाची तयारी केली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता.

घरात महाभारत झालं, नाही असं नाही. एका नातेवाईक वकिलांनी लग्न रद्द करता येईल असं सुचवलंही. सासूबाई म्हणाल्या, आधी तिला डॉक्टरकडे नेऊन आणा, कोर्ट कुठे पळून जात नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९९ मध्ये, त्या कायद्यातून फेफऱ्याचा शब्द काढून टाकला गेला. पेपरातलं ते कात्रण नवऱ्याने आणून दिलं. माझ्यापाशी ते अजून आहे.

चिपळूणच्या डॉक्टरांनी करंडा बघायला मागितला. कार्बामाझेपिनच्या गोळीने दमटपणा शोषला की ती टणक होते, पोटात नीट विरघळत नाही, तिचा तिसरा हिस्सा गुण वाया जाऊ शकतो. म्हणजे मी आधीच कमी गोळ्या घेत होते, आणि ज्या घेत होते त्याही पुऱ्या लागू पडत नव्हत्या. व्हॅल्प्रोएटच्या गोळ्यांचंही असंच, त्या तर पट्टीतून काढून ठेवल्या की चिकट होतात. तेव्हा गोळी पट्टीतच राहू द्यावी आणि पट्टी घट्ट झाकणाच्या डब्यात, मोरीपासून आणि चुलीपासून लांब. आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेल्या डब्या आता मिळतात, त्या सोयीच्या आहेत. पण त्यांत भरताना कात्रीने पट्टीचा चौकोन कापून गोळी आवरणासकट टाकावी.

सासूबाईंनी आपली पद्धत बसवली. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय होतं, त्यावर दुधाचा हिशेब लिहिलेला असायचा. त्याच चौकोनात दुधाच्या आकड्याखाली गोळीची तीन टिंबं. गोळी सगळ्यांसमोर, पाण्याचा तांब्या देणार पुतण्या. एखादं टिंब राहिलं तर घरातलं कुणीही विचारायचं. पहिला महिना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या महिन्यात सवय झाली. तिसऱ्या महिन्यात एकही टिंब चुकलं नाही.

आणि चुकलंच तर? आठवण होताच घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची. दोन एकदम घेऊन भरपाई करायची नाही. हा माझ्या डॉक्टरांचा माझ्यासाठीचा नियम, तुमच्या औषधाचा तुमच्या डॉक्टरांना विचारून कालनिर्णयाच्या मागे लिहून ठेवा.

४. उपासाला गोळी चालते

एकादशी मोडत नाही, संकष्टी मोडत नाही. सासूबाईंनी एकदा भटजींना विचारून घेतलं आणि तो प्रश्न कायमचा मिटवला. जागरण मात्र चालत नाही. गणपतीतली रात्रभरची भजनं आणि शिमग्यातली पालखी मी अकरापर्यंत बघते. गोळी कितीही वेळेवर घेतली तरी झोप मोडली की ती अर्धी पडते.

५. दिवस राहिले म्हणून गोळी सोडायची नाही

लग्नानंतर दीड वर्षाने मूल हवं असं ठरवलं. आधी डॉक्टरांकडे गेलो आणि मग ठरवलं, हा क्रम महत्त्वाचा. त्यांनी तीन गोष्टी केल्या. औषध एकच ठेवलं, फिट आवरतील एवढ्या कमीत कमी मात्रेवर. फॉलिक अॅसिड दिवस राहायच्या आधीपासून सुरू केलं, माझ्या बाबतीत ५ मिलिग्रॅम. आणि लिहून दिलं की गोळी बंद करायची नाही. ते लिहून दिलं म्हणून निभावलं, कारण तिसऱ्या महिन्यात माहेरी गेले तर अख्खी गल्ली सांगायला आली, पोटात बाळ असताना कुठे गोळ्या घ्यायच्या? मोठी फिट आली, पडले, श्वास अडला, तर बाळाला काय होईल याचा विचार गल्ली करत नाही.

सगळी औषधं सारखी नसतात, हेही खरं. माझ्या भाचीच्या निमित्ताने ते नीट कळलं. तिला पंधराव्या वर्षापासून व्हॅल्प्रोएट होतं. काही प्रकारच्या फिटवर त्याच्या तोडीचं औषध नाही. पण गरोदरपणात ते चालू राहिलं तर शंभरातल्या दहाएक बाळांमध्ये जन्मजात व्यंग आढळतं, आणि तीस ते चाळीस मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात, वागण्यात अडचणी येऊ शकतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही ठेवली जाते. असल्या नोंदींमुळेच आज डॉक्टर ठामपणे सांगू शकतात की कोणतं औषध टाळायचं आणि कोणतं त्यातल्या त्यात बरं. भाची एकोणीस वर्षांची झाली, तेव्हा मी बहिणीला म्हटलं, लग्न ठरायची वाट बघू नकोस, आत्ताच विचार. डॉक्टरांनी सहा महिने घेऊन तिचं औषध बदललं.

तो बदलही सरळ झाला नाही. आधी लेव्हेटिरासिटाम दिलं. फिट बंद, पण पोरगी घरात भांडी आपटू लागली. हसतमुख मुलगी, महिन्याभरात ती कुणाशी धड बोलेना, एकदा म्हणाली जगून काय करायचं. सगळे म्हणाले वयच तसं आहे. मला मात्र तारीख खटकली, चिडचिड आणि नवी गोळी एकाच आठवड्यात सुरू झालेली. या औषधाने काहींचा स्वभाव असा फिरतो. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन केला. मग लॅमोट्रिजिन आलं, तेही मुंगीच्या पावलांनी, दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं वाढवत. घाईने वाढवलं तर अंगावर जीवघेणं पुरळ उठू शकतं. पहिले दोन महिने बहीण रोज तिचं अंग बघायची. कसलंही पुरळ उठलं, त्यातही सोबत ताप आला, तोंड आलं किंवा डोळे लाल झाले, तर कॅलामाइन लावत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

६. प्रत्येक नव्या डॉक्टरला जुनी गोळी सांगायची

माझा धाकटा मुलगा हा या धड्याचा जिवंत पुरावा.

मोठ्या मुलीच्या जन्मानंतर मी गर्भनिरोधक गोळ्या घेत होते, अगदी टिंबं करून. कार्बामाझेपिन यकृताला अशी चालना देतं की त्या गोळ्यांतले हार्मोन वेळेआधीच मोडून जातात. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण ज्या बाईंनी त्या गोळ्या दिल्या त्यांना मी माझी गोळी सांगितली नव्हती. २००३ मध्ये धाकटा आला. पुढे तांबी बसवली. फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोनही हेच करतात. लॅमोट्रिजिनचा उलटाच खेळ, गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिनच कमी पडतं.

धाकटा आता इंजिनीअर आहे आणि ‘मी औषधांच्या भांडणातून जन्मलो’ असं मित्रांना सांगतो.

गोळी न सांगण्याची चूक दुसऱ्यांदा केली तेव्हा घसा धरला होता. एका नव्या दवाखान्यात क्लॅरिथ्रोमायसिन दिलं. तिसऱ्या दिवशी समोरच्या रिक्षा दोन दिसू लागल्या, जिना हलू लागला. ते प्रतिजैविक कार्बामाझेपिनला शरीराबाहेर जाऊ देत नाही, रक्तातलं प्रमाण चढतं. तिसऱ्यांदा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली. दोन्ही औषधं सोडियम खाली आणणारी. आठवडाभर मी अशी घोटाळले की पतसंस्थेत एकाच खात्यावर दोनदा व्याज चढवलं. सोडियम १२२ आलं, दवाखान्यात राहावं लागलं.

वेदनाशामकांतलं ट्रॅमाडॉल आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविकं तर फिटलाच आमंत्रण देऊ शकतात. हे सगळं पाठ ठेवणं आपलं काम नाही. आपलं काम एवढंच की खोकल्यासाठी गेलो तरी खुर्चीत टेकल्याबरोबर म्हणायचं, मला फिटचं औषध चालू आहे, हे त्याचं नाव. दातांच्या डॉक्टरलाही. इतक्या वर्षांच्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून ड जीवनसत्त्व तपासून घेते, तेही मीच आठवण करून.

७. बरं वाटणं आणि बरं होणं यांत अंतर आहे

२००३ नंतर सहा वर्षं एकही फिट नाही. औषध घेऊन दहातल्या सातजणांच्या फिट थांबू शकतात, त्यांत आपण आहोत याचा मला अभिमानच वाटू लागला. मग मनात आलं, आता कशाला? स्वतःहून बंद केली नाही, एवढं शहाणपण आलं होतं. डॉक्टरांनी ईईजी काढला आणि सरळ सांगितलं. अशा बऱ्या झालेल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये एक मोठी पाहणी झाली, तिचे आकडे १९९१ मध्ये छापून आले. ज्यांनी औषध हळूहळू सोडलं त्यांच्यातल्या ४१ टक्के लोकांना दोन वर्षांत पुन्हा फिट आली, ज्यांनी चालू ठेवलं त्यांच्यातल्या २२ टक्के लोकांना. म्हणजे निम्म्याहून अधिक सुटतात. मी ती पैज घेतली. वर्षभर थोडं थोडं कमी करत शेवटची पाव गोळीही सुटली.

मार्च २०११. वर्षअखेर, बाकी जुळत नव्हती, दोन रात्री जागलेली. कॅशच्या खिडकीतच पडले.

पश्चात्ताप नाही. विचारून, ठरवून, संथपणे केलेला प्रयत्न होता. फसला. भाचीच्या वर्गातल्या एका मुलाचा तोच प्रयत्न यशस्वी झाला, आज तो गोळीशिवाय आहे. माझं पुन्हा सुरू झालं, आता ३०० मिलिग्रॅमची सीआर गोळी, दिवसातून दोनदा. सीआर म्हणजे हळूहळू विरघळणारी, ती कुटायची किंवा चावायची नाही.

पुढे कुणीतरी निम्म्या किमतीची दुसऱ्या कंपनीची गोळी दाखवली. माझं मत विचाराल तर महागडी गोळी दिवसाआड घेण्यापेक्षा स्वस्त गोळी रोज घेणं केव्हाही चांगलं. पण ठरवून एक कंपनी धरावी. ‘ती नाही, ही घ्या, सेमच आहे’ असं दुकानदार म्हणाला म्हणून दर महिन्याला बदलू नये. बदल करायचाच तर डॉक्टरांना सांगून, आणि पहिले काही आठवडे जिना, विळी, गॅस जपून.

८. फिट चालू असताना तोंडात काही नाही

चमचा नाही, पाणी नाही, गोळी तर नाहीच. पतसंस्थेत २०११ च्या प्रसंगानंतर मी सहकाऱ्यांना बसवून शिकवलं. कुशीवर वळवा, चष्मा काढा, आजूबाजूची खुर्ची सरकवा आणि घड्याळ बघा. घड्याळ बघणं सगळ्यात अवघड, कारण बघणाऱ्याला अर्धं मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. पाच मिनिटांवर गेली तर माझ्या पर्समध्ये मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा आहे, किती वेळा मारायचा ते त्यावर चिकटपट्टीने लावलेलं आहे. फवारा मारा आणि रुग्णवाहिका बोलवा. आमच्या शिपायाने ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि शेवटी विचारलं, “मॅडम, कांदा अजिबातच नाही?”

अजिबातच नाही.

चोरून जगायचं नसेल तर माणसंही लागतात. पुण्यात ‘संवेदना फाउंडेशन’ अपस्मार असणाऱ्यांचा स्वमदत गट चालवतं, आजार उघड सांगून लग्न जमवणारे मेळावेही भरवतं. भाचीला मी तिथे घेऊन गेले होते. माझ्या वेळी असं काही असतं तर करंड्यात फक्त कुंकूच राहिलं असतं.

९. घरातली सगळी औषधं एका डब्यात ठेवायची नाहीत

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. आमचं घर तळमजल्याचं. उजाडेपर्यंत पाणी गुडघ्याला, मग कमरेला. सासूबाईंना खांद्यावर घेऊन आम्ही शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेलो. मोबाईल घेतले, कागद घेतले, दागिन्यांची पुरचुंडी घेतली. गोळ्यांचा घट्ट झाकणाचा डबा, ज्याचा मला एवढा गर्व, तो दारामागच्या कालनिर्णयाखालच्या फळीवर राहिला. आठ वाजता गोळीची वेळ झाली तेव्हा आठवलं. खिडकीतून बघितलं तर आमच्या दाराची वरची कड तेवढी दिसत होती. बाजारातली सगळी औषधांची दुकानं पाण्याखाली. वीज नाही, फोन लागत नाही.

मी काही बोलले नाही, पण सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्र्याऐंशी वर्षांच्या बाई, लुगडं ओलं, थंडीने ओठ निळे. कनवटीचा बटवा सोडला. अडकित्ता, सुपारीची खांडं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत दोऱ्याने बांधलेल्या दोन पट्ट्या.

“केव्हापासून ठेवलंत हे?”

“तू विळीवरून पडलीस तेव्हापासून. गोळी बदलली की मीही बदलते.”

एका पट्टीची मुदत मार्चमध्येच संपली होती. ती मी बाजूला ठेवली तर त्या रागावल्या, गोळी काय कॅलेंडर वाचते काय गो? दुसरी चांगली होती. दहा गोळ्या, दिवसाला दोन, पाच दिवस. शेजाऱ्यांच्या भिंतीवर मुलाने कोळशाने चौकोन आखले आणि टिंबं सुरू झाली.

पाणी उतरल्यावर नवरा चिखल तुडवत, मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून सावर्ड्याकडे गेला. माझ्या गोळीचं बारीक अक्षरांतलं नाव आणि मिलिग्रॅम त्याने तळहातावर लिहून नेले होते. रात्र तिकडेच काढून चौथ्या दिवशी सकाळच्या गोळीआधी तो पोचला. पट्टीत चार उरल्या होत्या. सासूबाईंनी त्या मोजल्या आणि परत बटव्यात टाकल्या.